पालथा चेहरा

अमरावतीहून बी.ए. होऊन मी अकोल्याला परत आलो तेव्हा आमच्या घराण्यात इंग्रजी वाचणारा मी पहिला होतो, आणि बहुतेक मराठी नीट वाचणाराही पहिलाच. हे मी सुरुवातीलाच सांगून ठेवतो. पुढे जे सांगणार आहे ते वाचून कोणी मला अडाणी किंवा देवभोळा समजू नये. मी तर्कशास्त्राचा पेपर दिलेला माणूस आहे आणि त्यात मला चांगले मार्क होते.

वडिलांचा मोर्णा नदीच्या काठी भाजीचा मळा होता. वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, उन्हाळ्यात काकड्या. सकाळी पाणी द्यायचं आणि टोपली घेऊन बाजारात बसायचं. मी कचेरीत चिकटेन किंवा निदान मास्तर होईन, असं सगळ्या आळीने ठरवून टाकलं होतं. मी व्यंगचित्रं काढायला लागलो.

"पन नोकरी कोनाची?" वडिलांनी विचारलं.

"कोणाचीच नाही. चित्र काढायचं, ज्याला हवं त्याला द्यायचं."

"मंग आपल्यावानीच झालं," ते म्हणाले. "रोज बजारात जाऊन बसा." आणि ते हसले. मला वाटतं, त्यांना ते आवडलं होतं.

काम तसं बरं मिळायचं. अमरावतीचं एक साप्ताहिक, अकोल्याची दोन, निवडणूक आली की दोन्ही बाजूंची पत्रकं, टॉकीजमध्ये मध्यंतराला दाखवायच्या काचेच्या स्लाइडा, दिवाळीला कापडदुकानांच्या जाहिराती. छपाईचे जस्ताचे ब्लॉक नागपूरहून करून आणायचे तर साप्ताहिकवाल्यांना परवडत नसे. म्हणून मी लिनोवर कोरायला शिकलो. एका साहेबाच्या बंगल्याचा लिलाव झाला, त्यात जमिनीवर अंथरायच्या लिनोलियमची गुंडाळी मला मिळाली. कोरायची हत्यारं मी मोडक्या छत्रीच्या काड्या घासून केली. त्या काड्यांना आधीच पन्हळ असते, टोकाला धार लावली की झालं.

लिनोचं तंत्र सोपं आहे, पण एक गोष्ट सांभाळावी लागते. ठशावर चित्र उलटं असलं पाहिजे, म्हणजे छापल्यावर ते सरळ होतं. त्यासाठी मी पातळ कागदावर मऊ पेन्सिलीनं चित्र काढायचो, तो कागद लिनोवर पालथा घालायचो आणि वरून चमच्याच्या पाठीनं घासायचो. पेन्सिल खाली उतरायची, उलटी. मग कोरायचं. हे मी इतक्या वेळा केलं होतं की हाताला सांगावं लागत नव्हतं.

पहिला गेला तो एक वकील. गावात कसलीही सभा असो, अध्यक्ष हेच असायचे. मी त्यांना खुर्चीलाच हातपाय फुटल्यासारखं काढलं होतं, कासवासारखी मान पुढे काढून हारात घालताना. ते स्वतः खूप हसले. चित्र कापून त्यांनी टेबलावरच्या काचेखाली ठेवलं. थोड्याच आठवड्यांत कोर्टात बोलता बोलता खाली बसले आणि उठले नाहीत. म्हातारे होते, दम्याचे होते. कोणी काही म्हणालं नाही.

दुसरा अकोटचा अडत्या. कापसाच्या गाठीचं पोट करून मी त्याला निवडणुकीला उभा केला होता. तो भर उन्हाळ्यात, लग्नाच्या पंगतीत गेला. मग नगरपालिकेचा एक मेंबर टांग्यातून पडला आणि कंबरेखालून लुळा झाला. तो जगला, पण आमच्या चौकातल्या पानवाल्याने त्याचाही हिशोब लावला. "चित्र अर्धंच व्हतं," तो गिऱ्हाइकाला सांगत होता, मी मागे उभा आहे हे न बघता. "कंबरेवरलंच. म्हनून अर्धाच गेला."

मी म्हणालो, "चित्र वरचं होतं, मग खालचा भाग कसा गेला?"

त्याने वळून पाहिलं. घाबरला, पण पानाला चुना लावायचा थांबला नाही. "ते मले नाही समजत भाऊ. तुमी शिकेल मानूस." आणि मग हळूच, "या हप्त्यात कोन हाये?"

मी हसून सोडून दिलं. पहिल्यांदा आपण हसतोच. पण सलूनमध्ये शिरलो की खुर्चीतला माणूस पेपर तोंडापुढे धरायला लागला. सभेत मी वही उघडली की व्यासपीठावरचे पुढारी पाणी प्यायचे, पंचाने तोंड पुसायचे, हातातला कागद उंच धरून वाचायचे. एका लग्नात नवरदेवाच्या आईने मला बाजूला नेऊन सांगितलं, जेवा पोटभर, पण पोराकडे निरखून बघू नका. निरखून बघणं हाच माझा धंदा होता. तोच बंद झाला तर माझ्या जवळ काय उरणार होतं?

त्याच सुमारास हिवरखेडकडचा एक शेतकरी आला. चांगला खातापिता माणूस, धोतर स्वच्छ, हातात संत्र्यांची टोपली. बसला, पाणी प्याला, मळ्याची चौकशी केली. मग खिशातून रुमालात गुंडाळलेला एक फोटो काढून माझ्या पुढे ठेवला. एका जत्रेत काढलेला, दोन भाऊ शेजारी उभे. एक हाच होता.

"याचं काढून द्या," त्याने दुसऱ्यावर बोट ठेवलं. "चुलत भाऊ हाये माहा."

"कुठे छापायचं?"

"छापाचं नाही. निस्तं काढा."

"मग कशाला?"

तो संत्र्यांकडे बघत बसला. मला समजायला वेळ लागला. मी त्याला उठ म्हणालो. बाहेर हो म्हणालो, असंच, अरेतुरे. तो रागावला नाही. त्याने फोटो पुन्हा रुमालात नीट बांधला. दारात थांबून विचारलं, "तुमाले जमत नसन तं अमरावतीले कोनी हाये का, असं काढनारं?"

संत्री तिथेच राहिली. आम्ही ती खाल्ली नाहीत, बैलापुढे टाकली. बैलानेही हुंगून सोडली. अर्थात ती आंबट असतील.

माझा विश्वास नव्हता. आजही नाही. पण त्या दिवसानंतर माझी पेन्सिल चेहऱ्यापाशी आली की अडायची. टोपी व्हायची, छत्री व्हायची, पाठ व्हायची. माणूस माझ्याकडे वळायचाच नाही. अकोल्याच्या साप्ताहिकाचे संपादक जुने वकील होते, बोलण्यात सभ्य. ते एकदा म्हणाले, "अहो, तुमचं सगळं गाव पाठमोरं झालंय. वाचकांवर रुसलात की काय?"

"तुम्हीच म्हणालात, जिवंत माणसाचं नको."

"मी म्हणालो होतो, काही दिवस नको." ते चष्मा पुसत राहिले. "लोक जाहिराती देईनात हो. तुम्ही नळावर काढा, रस्त्यावर काढा. रस्त्याला कोणी नातेवाईक नसतात."

मी काही महिने नळ आणि खड्डे काढले. खड्ड्यांची व्यंगचित्रं किती काढणार?

घरी मी यातलं काही सांगितलं नव्हतं. पण बाजार सगळं सांगतो. एका संध्याकाळी जेवताना वडील म्हणाले, "आज एक बाई वांगे घेऊन राह्यली व्हती. हे घे, ते ठेव, चाललं व्हतं. मंग म्हने, माळीबुवा, तुमच्या पोराच्या पेनात काय हाये?"

"तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, शाई." त्यांनी भाकरी मोडली. "तू मले काढ."

"काय?"

"मले काढ. खाली माहं नाव टाक. अख्ख्या बजाराले दिसू दे. मी रोज तथी बसतो. जिता बसतो का नाही ते लोक पाहून घेतीन."

मी म्हणालो, काही गरज नाही, हा सगळा मूर्खपणा आहे. ते म्हणाले, मूर्खपणा हाये तं मंग काढाले काय हरकत हाये? तर्कशास्त्रात मार्क मिळवलेल्या मी पेन्सिलीला टोक काढलं.

सकाळी पाणी देऊन झाल्यावर ते विहिरीपाशी, मोटेचं पाणी पडतं त्या थारोळ्याच्या काठावर बसले. धुतलेला फेटा बांधून आले होते. त्यांची उजवी भिवई लहानपणी बैलाच्या शिंगाने फाटलेली होती. मधोमध एक पांढरी रेघ, तिथे केस उगवत नसत. त्या भिवईपासून मी सुरुवात केली, कारण ती सोपी होती.

आपण बापाकडे रोज पाहतो, पण चेहरा पाहत नाही. त्या दिवशी मी धंद्याच्या नजरेनं पाहिलं. गालफडाच्या खाली एक खड्डा होता, तो माझ्या आठवणीत नव्हता. डोळ्यांचा पांढरा भाग पिवळट. बोलता बोलता त्यांचा हात बरगडीखाली जायचा आणि तिथेच राहायचा. व्यंगचित्रकार म्हणजे जे वाकडं आहे ते शोधणारा माणूस. मला ते शोधावंच लागलं नाही, ते कागदावर आपोआप उतरत होतं.

"बाबा, तब्येत बरी आहे ना?"

"तू चित्र काढ. नाडी नोको पाहू."

चित्र पूर्ण झालं. मी ते त्यांना दाखवलं नाही. दुसऱ्या दिवशी काहीतरी निमित्त काढून त्यांना बसने अमरावतीला नेलं. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, डोळे ओढून पाहिले. मग वडिलांना बाहेरच्या बाकावर बसवून मला म्हणाले, "खायला काय मागतील ते देत जा."

परतीच्या प्रवासात वडील खिडकीशी बसले होते. बडनेऱ्याच्या पुढे पराटीची, म्हणजे कपाशीची शेतं लागली. त्यांनी प्रत्येक शेताला नावं ठेवली, याने दाट पेरली, त्याने निंदण केलं नाही. मी एवढंच ठरवलं की ते चित्र छापायचं नाही. डॉक्टर म्हणतात तसं झालं तर गाव म्हणेल, याने बापालाही सोडलं नाही. आणि मग माझा धंदा संपला असता, हेही मी मनात धरलं होतं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी मनात येत होत्या आणि मला वेगळ्या करता येत नव्हत्या.

मी म्हणालो, "बाबा, ते चित्र राहू दे."

"काहून? डॉक्टर काय म्हने?"

"काही नाही. पित्त आहे म्हणाले."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा शेतांकडे. "मी बजारात सांगून आलो. या हप्त्यात माहा फोटू येते म्हनून. आता नाही आला तं लोक म्हनतीन, पोरगा भेला." त्यांनी फेटा सारखा केला. "पित्ताले का भेतं?"

त्यांना कळलं होतं, असं मला तेव्हाही वाटलं.

मी लिनोचा तुकडा कापून घेतला. चित्र समोर ठेवलं. आता ते पालथं घालायचं आणि चमच्यानं घासायचं. वडिलांचं तोंड खाली, जमिनीकडे, आणि वरून मी दाबून धरणार. चमचा हातात घेतला आणि खाली ठेवला. पुन्हा घेतला. माणसाला पालथं कधी घालत नाहीत. आमच्याकडे झोपलेलं पोरही पालथं दिसलं तर आई उलटवते. मी सुशिक्षित माणूस, कागदाचा तुकडा उलटा करायला कचरत होतो याचा मला राग आला. पण चेहरा खाली दाबायला हात जाईना.

शेवटी मी कार्बन पेपर घेतला. चित्र उताणंच ठेवलं, खाली कार्बन, आणि वरून रेघा गिरवल्या. काम झालं. मग कोरायला बसलो. गालाखालचा खड्डा मी थोडा भरून काढला.

प्रेसमध्ये पहिला कागद निघाला तेव्हा मी तिथेच होतो. कंपोझिटरने तो उचलून खिडकीकडे धरला. "साहेब," तो म्हणाला, "बाबांची भिवई इकडची तिकडे गेली हो."

कार्बनने चित्र लिनोवर सरळच उतरलं होतं, म्हणून छापताना उलटं झालं. पहिल्या आठवड्यात शिकलेली गोष्ट. एवढ्या वर्षांत, एवढ्या ठशांत, ही चूक माझ्याकडून कधी झाली नव्हती. वेळ नव्हता, दुसरा ठसा नव्हता. अंक तसाच गेला.

घरी वडिलांच्या हातात अंक दिला. त्यांनी तो लांब धरला, मग जवळ आणला. "बराबर हाये," ते म्हणाले. "असाच हावो मी." त्यांचा फोटो कधी निघाला नव्हता. स्वतःचं तोंड त्यांनी फक्त आरशात पाहिलं होतं, दाढी करताना.

मी त्यांना चूक सांगितली नाही. पण बाजाराने पाहिली. ज्या बायका रोज त्यांच्याकडून भाजी घेत त्यांना ती भिवई पाठ होती. पहिल्या दिवशी लोक म्हणाले, हे बुवांचं चित्रच नाही. दुसऱ्या दिवशी पानवाल्याने अर्थ लावला, आणि तो अर्थ गावभर झाला. "बापाचं त्यानं उलटं काढलं. मुद्दाम. त्याले बराबर माहीत हाये, कसं काढलं की लागते अन् कसं काढलं की नाही लागत."

वडिलांनी माझ्यासाठी जे केलं त्याचं हे असं झालं. आधी लोकांना नुसता संशय होता. आता खात्री झाली की मला ही विद्या येते.

आणि वडील गेले नाहीत. पावसाळा काढला, दिवाळी काढली. डोळ्यांचा पिवळेपणा गेला. पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी काकड्यांची आळी स्वतः खणली. मी पुन्हा डॉक्टरांकडे गेलो, एकटाच. ते म्हणाले, असं होतं कधी कधी, निदान चुकतं. मी मान डोलावली. तर्काला धरून तेच होतं. पण येताना गाडीत मला एकसारखं वाटत होतं की माझ्या हाताने काहीतरी केलं आणि मला विचारलं नाही.

त्यानंतर लोक माझ्याकडे परत यायला लागले. वेगळ्या कामासाठी. बाळापूरचा एक व्यापारी आला, जाहिरातीत स्वतःचं चित्र हवं होतं. "पन उलटं काढा हं साहेब. बुवांवानी." नगरपालिकेच्या अध्यक्षांनी संपादकांकरवी निरोप पाठवला, माझ्यावर टीका करायची तर खुशाल करा, फक्त भांग दुसऱ्या बाजूला दाखवा. संपादक हे सांगताना अवघडले होते. "गंमत म्हणून घ्या हो. काम सुरू होईल."

मी म्हणालो, "सरळ काढीन, नाहीतर काढणार नाही." बोललो खरं. पण सरळही काढलं नाही. वर्षं गेली, वऱ्हाड महाराष्ट्रात आलं, मी नळ आणि खड्डे काढत राहिलो. टॉकीजच्या स्लाइडांवर भागत होतं. माझ्या कागदावरची माणसं पाठमोरीच राहिली.

मग वडिलांचं दुखणं परत आलं. त्याच बाजूला, बरगडीखाली. या वेळी ते अंथरुणाला खिळले. भाजीची टोपली आई नेऊ लागली. अकोल्याचे डॉक्टर घरी येऊन गेले आणि तेच म्हणाले, खायला द्या. पण ते खात नव्हते. दुखायला लागलं की दोरीच्या बाजेची दोरी मुठीत धरायचे, आवाज करायचे नाहीत. असे कितीतरी दिवस गेले. आई देवळात जाऊन बसायची, सोडव रे बाबा म्हणायची.

एका दुपारी मी त्यांच्या पायाशी बसलो होतो. ऊन दारातून आत आलं होतं. त्यांनी डोळे उघडले.

"तुह्या जवळ कागद हाये का?"

"कशाला?"

"मले काढ." ओठ कोरडे पडले होते, मी पाण्याचा बोळा लावला. त्यांनी तो बाजूला केला. "ह्या बारीनं सरळ काढ."

त्यांना ठाऊक होतं तर. बाजारात बसून एवढी वर्षं त्यांनी ते ऐकलं होतं आणि घरी एक अक्षर काढलं नव्हतं.

"बाबा, तसं काही नसतं."

"नसते ना? मंग काढ."

तेच उत्तर, पहिल्या वेळेसारखं. पण या वेळी ते हसले नाहीत. त्यांचा हात दोरीवर होता आणि बोटांची पेरं पांढरी झाली होती. मी उठून कागद आणला, मऊ पेन्सिल आणली. फाटलेली भिवई जिथे आहे तिथे काढली. गालाखालचा खड्डा जेवढा होता तेवढा काढला, भरला नाही. डोळे काढले. त्या दिवशी जेवढं चांगलं काढलं तेवढं मी पुढेही कधी काढलं नाही, हे मला धंद्याच्या नजरेनं सांगता येतं.

कागद त्यांच्या समोर धरला. ते बराच वेळ पाहत राहिले.

"हा कोन?" ते म्हणाले. मग म्हणाले, "माह्या बापावानी दिसते."

त्यांनी डोळे मिटले. दोरीवरचा हात सैल झाला, पण श्वास चालू होता. ते त्या दिवशी गेले नाहीत, दुसऱ्याही दिवशी नाही. त्याच आठवड्यात गेले, पहाटे, आई चूल पेटवत असताना. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणेच झालं. त्यात चित्राचा काही संबंध नव्हता आणि ते चित्र आईनेही पाहिलेलं नव्हतं.

तेरवी झाली. नंतरच्या सोमवारी मी बसून नगरपालिकेच्या अध्यक्षांचं, अजून तेच होते, चित्र काढलं. समोरून, पूर्ण चेहरा, भांग जिकडे असतो तिकडे. लिनोवर पालथं घातलं, चमच्यानं घासलं, कोरलं, आणि ठसा घेऊन साप्ताहिकाच्या कचेरीत गेलो. संपादकांनी ठशावर कागद दाबून एक नमुना काढायला सांगितला. कंपोझिटरने काढला. ते चष्मा लावून बघत राहिले.

"उलटं आहे ना?" त्यांनी विचारलं.

"सरळ आहे."

त्यांनी वर पाहिलं. माझ्या डोक्यावर केस नुकते उगवायला लागले होते. ठसा उचलून त्यांनी कंपोझिटरच्या हातात दिला आणि म्हणाले, "पहिल्या पानावर घ्या."